दुसरी सही

वैष्णवीनं त्या कागदावर सही केली, हे खरं आहे. मी ते नाकारत नाही, तीही नाकारत नाही. पण गेल्या वर्षभरात ज्यानं त्यानं मला हेच ऐकवलं की पोट्टी कमजोर निघाली, आजकालच्या पोरांत सच्चाई राहिली नाही. ऐकवणाऱ्यांतल्या एकालाही पुढचं ऐकून घ्यायला फुरसत नव्हती. म्हणून आता पहिल्यापासून सगळं सांगतो.

माझं नाव देवराव. पाण्याच्या सरकारी प्रयोगशाळेत अठ्ठावीस वर्षं सहाय्यक होतो. मागच्या जूनमध्ये निवृत्त झालो, त्यामुळे आता कोणाच्या बापाची भीती नाही. आधी होती. तेही सांगीन.

आमची प्रयोगशाळा म्हणजे तालुक्याच्या गावातल्या एका बैठ्या इमारतीतल्या मागच्या दोन खोल्या. गावोगावच्या विहिरीचं, बोअरचं, नळाचं पाणी बाटल्यांत भरून आमच्याकडे यायचं. ते तपासून आम्ही लिहायचं, पिण्यायोग्य की अयोग्य. आमच्या जिल्ह्यात काही पट्ट्यांत जमिनीखालच्या पाण्यात फ्लोराइड आहे. ते दिसत नाही, त्याला वास नाही. लिटरला दीड मिलिग्रॅमपर्यंत चालतं. त्याच्या वरचं पाणी वर्षानुवर्षं प्यायलं की लेकरांचे दात पिवळे-तपकिरी होतात आणि म्हाताऱ्यांचे गुडघे वाकून बसतात. मग ते सरळ होत नाहीत, कोणत्याच दवाखान्यात.

वैष्णवी महागावकडच्या एका खेड्यातली. तिचे वडील भगवानराव कपाशी-सोयाबीन करतात. रसायनशास्त्रात बी.एस्सी. करून ती आमच्याकडे कंत्राटावर लागली, अकरा महिन्यांच्या ऑर्डरवर. पहिल्याच आठवड्यात तिनं यंत्रावरचा आकडा वाचला, "झीरो पॉइंट नऊ." मी समोर रजिस्टर घेऊन बसलो होतो. मी लिहिलं नाही. विचारलं, "पातळ किती केलतं?"

पाण्यात फ्लोराइड जास्त असलं तर ते यंत्रात मावत नाही, म्हणून त्यात शुद्ध पाणी घालून मोजतात आणि आलेल्या आकड्याला तितक्या पटीनं गुणतात. तिनं चौपट पातळ केलं होतं आणि गुणायचं विसरली होती. तिचा चेहरा उतरला.

"काका, मी तर योग्य लिहून टाकलं असतं."

"म्हणून तर दोघं बसतो," मी म्हटलं.

मी लागलो तेव्हापासून आमच्याकडे हीच रीत होती. एकानं आकडा मोठ्यानं वाचायचा, दुसऱ्यानं तो लिहून परत वाचून दाखवायचा. मग जागा बदलायच्या आणि पुन्हा एकदा. अहवालाखाली दोन रकाने होते, तपासणारा आणि पडताळणारा. दोन सह्या झाल्याशिवाय कागद खोलीबाहेर जात नसे. यात काही थोरपणा नव्हता. कंटाळाच यायचा. कधी कधी आम्ही त्यावरून भांडायचोही. ती म्हणे एक पॉइंट चार, मी म्हणे पुन्हा कर. पण तीन वर्षांत त्या पोरीनं एकही खोटा आकडा लिहिला नाही, आणि तिच्यावर कोणी तशी वेळही आणली नाही. आणायची तर दोघांवर आणावी लागली असती. दोघांना एकाच वेळी वाकवणं अवघड असतं, साहेब लोकांना हे आपल्यापेक्षा जास्त चांगलं कळतं.

मग आमचे नवे अधिकारी म्हणून गावंडे साहेब आले.

माणूस हुशार. बोलणं गोड. टेबलावर फाइल राहू द्यायचे नाहीत. सप्टेंबरात एक दिवस त्यांनी मला केबिनमध्ये बोलावलं.

"देवराव, एका आकड्यासाठी दोन माणसं? नमुने किती पेंडिंग आहेत पाहिलंत का? मी नवीन फॉर्म तयार केलाय. एकच सही. आणि तुम्ही उद्यापासून समोरच्या इमारतीत, अभिलेख शाखेत. तिथं माणूस नाही."

"साहेब, पडताळणी..."

"यंत्र डिजिटल आहे हो. त्यात काय पडताळायचं?"

निवृत्तीला नऊ महिने राहिले होते, सेवापुस्तकात एक जुनी नोंद अडकलेली होती आणि ती साहेबांच्या सहीनंच सुटणार होती. मी "बरं साहेब" म्हणालो. डबा उचलला, चष्म्याचं घर उचललं. वैष्णवी दारात उभी होती.

"काका, मंग आकडा वाचल्यावर सांगू कोणाले?"

"भिंतीले सांग," मी म्हणालो, आणि हसलो. हे वाक्य मला आजही जेवताना आठवतं.

पुढचं मी तिथं नव्हतो. जे कळलं ते नंतर, तिच्याकडून आणि लखनकडून.

लखन हा पिंपळधरा तांड्याचा जलसुरक्षक. गावातलं पाणी वेळच्या वेळी भरून तपासायला आणायचं, हे त्याचं काम. पिंपळधरा म्हणजे दीडशे घरांचा बंजारा तांडा. तांड्याच्या मध्यभागी एक जुना हातपंप आहे. पंधरा वर्षांपूर्वी आम्हीच त्याच्या पाण्यात फ्लोराइड दाखवलं होतं, तेव्हा तो लाल रंगवून बंद केला. तेव्हापासून बायका नाल्यापलीकडच्या विहिरीवर जात. तिचं पाणी चांगलं होतं, पण फेब्रुवारी लागला की तळाला जाई. म्हणून तांड्यासाठी नवी नळयोजना झाली. टाकी बांधली, घराघरात तोट्या बसवल्या. आणि बोअर कुठं मारलं? त्या लाल हातपंपापासून साठ पावलांवर. मी नंतर स्वतः मोजली. ज्यानं ही जागा ठरवली त्याला तो लाल रंग दिसला नसेल असं मला कोणीही सांगू नये.

डिसेंबरात लखननं नव्या बोअरची बाटली आणली. वैष्णवीनं तपासली, तीन पॉइंट चार. अयोग्य. साहेब म्हणाले पुन्हा घ्या. लखननं पुन्हा आणली, तीन पॉइंट सहा. दोन्ही वेळा तिनं त्याला तोंडी सांगितलं, "लखनभाऊ, हे पाणी पिऊ नोका."

तोवर उद्घाटनाची तारीख ठरली होती. पत्रिकाही छापायला गेली होती.

तिसरी बाटली लखननं आणली नाही. ती नळयोजनेच्या कंत्राटदाराच्या जीपमधून आली. लेबलवर नमुना घेणारा म्हणून लखनचं नाव टाइप केलेलं होतं, सही नव्हती. वैष्णवीनं तपासली. झीरो पॉइंट सहा. पण त्या पाण्यातले क्षारही आधीच्या निम्म्यावर होते, सगळेच आकडे वेगळे होते. ती फॉर्म घेऊन साहेबांकडे गेली.

"सर, हे त्या बोअरचं पाणी नाही. दुसरीकडचं आहे."

"पाणी बदलतं, मॅडम. पावसाचं मुरतं."

"डिसेंबरात, सर?"

साहेब हसले. रागावले नाहीत. त्यांनी तिला बसायला सांगितलं, चहा मागवला. सकाळी अकराला ती आत गेली ती संध्याकाळी पाचपर्यंत तीन वेळा आत-बाहेर झाली. साहेबांनी एकदाही सही करा असं म्हटलं नाही. ते म्हणाले, "फेब्रुवारीत त्या बायका नाला ओलांडून जातील. एखादी पडेल. पोटुशी असेल. तुम्हाला दशांश चिन्ह महत्त्वाचं की ती बाई?" मग म्हणाले, "पुढं फिल्टर बसवूच आपण, प्रस्ताव टाकलाय." मग एक फाइल उघडून म्हणाले, "तुमची ऑर्डर पंधरा तारखेला संपते ना? बघतो मी." बास. एवढंच. एखाद्यानं तक्रार लिहायची म्हटलं तर लिहायला एक वाक्य सापडणार नाही.

ती परत खोलीत आली. यंत्र चालू होतं. पाच वाजून गेले होते, तिच्या गावच्या एसटीची वेळ झाली होती. तिनं सही केली.

जानेवारीत तांड्यावर मंडप घातला, नारळ फुटले. तांड्याचे नायक, म्हणजे प्रमुख, डोंगरसिंग यांना फेटा बांधला. म्हातारा रडला म्हणे. नळाला पाणी आलं म्हणून बायका नाचल्या. मी पेपरात फोटो पाहिला आणि मलाही बरं वाटलं होतं, हे लाजून सांगतो.

मार्चमध्ये लखन माझ्याकडे अभिलेख शाखेत आला. मी जुन्या फायलींना दोऱ्या बांधत होतो. त्यानं एक झेरॉक्स माझ्यापुढे ठेवली.

"काका, तुमच्या मॅडमनं हे काय लिहून ठेवलं?"

मी वाचलं. झीरो पॉइंट सहा, पिण्यायोग्य.

"नमुना घेणारा म्हणून माहं नाव हाये इथं," लखन म्हणाला. "मी दोनदाच बाटली नेली. ही तिसरी कोणाची? आमच्या तांड्यातली म्हातारी माय, रुपीबाई याडी, म्हणून राह्यली का या पाण्यात चहा काळा पडते. त्या लाल हातपंपाच्या पाण्यात पडे तसाच. तिचं कोणी ऐकत नाई, म्हणते म्हातारी खसकली. पण तिचे गुडघे त्याच पाण्यानं गेले, तिले नाई मालूम तं कोणाले मालूम राहीन?"

माझं डोकं तापलं. मी डबा तसाच सोडून समोरच्या इमारतीत गेलो. वैष्णवी एकटी होती. मी तो कागद तिच्यापुढे आपटला.

"हे तुवं अक्षर हाये का?"

तिनं पाहिलं. मान डोलावली.

"तीन वर्षं शिकवलं तुले. हे शिकवलं का म्या?"

"तुम्ही गेले काका," ती म्हणाली. आवाज चढवला नाही. "तुम्ही गेले, आन मी एकटी राह्यली. त्या दिवशी मी तुम्हाले दोनदा फोन केलता. पाचाच्या आधी."

फोन काढून बघायची गरज नव्हती. मला आठवत होतं. मी पुतणीच्या साखरपुड्याला दिग्रसला गेलतो. दोन मिस्ड कॉल पाहिले होते. वाटलं, रजेचं काही विचारत असेल. उलट फोन केला नाही, दुसऱ्या दिवशीही नाही.

"मले फक्त एवढंच पाह्यजे होतं," ती म्हणाली, "का कोणीतरी म्हणावं, हो वैष्णवी, मलेबी तेच दिसून राह्यलं. सकाळी मले पक्कं मालूम होतं का हे पाणी दुसरं हाये. साहेबांनी दिवसभर असं सांगतलं, असं सांगतलं, का पाचाले मले वाटे माहंच काही चुकलं. एकट्या माणसाले किती वेळ पक्कं राह्यता येते, काका?"

मी स्टूल ओढलं आणि बसलो. रागवायला गेलेला माणूस मी, माझ्याजवळ काही उरलंच नाही. पोरीचं चुकलं होतं. दीडशे घरं ते पाणी पीत होती. पण तिच्या बाजूची खुर्ची उचलून नेताना मी स्वतः ती धरू लागलो होतो. गावंडे साहेबांनी तिला खोटं लिहायला लावायच्या तीन महिने आधीच काम करून ठेवलं होतं. तेव्हा कोणाला ते काम वाटलं नाही, फॉर्म सोपा झाला असंच वाटलं.

"आता काय करतं?" मी विचारलं.

"तुम्ही सांगा."

"मी नाई सांगत. तू सांग, मी ऐकतो."

ती विचार करत करत बोलू लागली. पहिलं, बाटली आपल्या हातानं आणि लोकांसमोर भरायची. दुसरं, आधीचा अहवाल चूक आहे असं स्वतः लिहून द्यायचं. मी मध्ये मध्ये विचारत गेलो. बाटलीला सील कोण करणार? पत्र कोणाला देणार? आवक क्रमांक घ्यायचा का? एका तासात तिचा आवाज पूर्वीसारखा झाला. भीती गेली नव्हती. "ऑर्डर जाईन माही," ती म्हणाली. मी म्हणालो, "जाऊ शकते." खोटा धीर द्यायचं मनात आलं होतं, पण दिला नाही.

रविवारी आम्ही दोघं लखनच्या गाडीमागे माझ्या गाडीवर पिंपळधऱ्याला गेलो. वैष्णवीला वाटलं होतं लोक शिव्या देतील. डोंगरसिंग नायक आधी चिडलेच. "आता कुठं दाराशी पाणी आलं, आन तुम्ही बंद कराले आले?"

वैष्णवी त्यांच्यासमोर उभी राहिली. "नायक, पिण्यायोग्य म्हणून सही मीच केली. ते खोटं होतं. बाटली तुमच्या बोअरची नव्हती. मले संशय होता तरी केली. आज तुमच्या समोर भरतो. तुम्हीच सील करा."

बायका जमल्या होत्या. लखनची बायको अंजू पुढे आली. तिच्या कडेवरचं लेकरू नळाच्या पाण्याचा गिलास घेऊन होतं. तिनं त्याच्या हातातून तो गिलास काढला आणि मातीत ओतला. "सात हप्ते पाजलं म्या हे," ती म्हणाली. "मॅडम, सात हप्ते!" वैष्णवीनं मान खाली घातली नाही. मला वाटलं होतं घालेल. "हो," ती म्हणाली. "माह्यामुळं." सात आठवड्यांत हाडं वाकत नाहीत, हे मी सांगणार होतो. नाही सांगितलं. त्या वेळी ते सांगणं म्हणजे पोरीची वकिली झाली असती.

रुपीबाई खाटेवर बसूनच म्हणाली, "मी सांगत होती ना!"

दोन बाटल्या भरल्या. नायकांनी मेणावर अंगठी दाबली. लखननं सही केली, या वेळी स्वतःच्या हातानं.

सोमवारी मी किरकोळ रजा टाकली आणि प्रयोगशाळेत जाऊन बसलो. वैष्णवीनं लाल द्रव घातला, रंग उतरत गेला. पाण्यात फ्लोराइड असलं की ती लाली फिकी होते. यंत्रात नळी ठेवली. तिनं वाचलं, मी लिहिलं, मी वाचलं, तिनं लिहिलं. पातळ किती केलंय तेही दोनदा म्हटलं. तीन पॉइंट पाच. एवढ्यात गावंडे साहेब दारात आले.

"देवराव, या खोलीत बसायची तुमची ऑर्डर कुठंय?"

"रजेवर हाये साहेब. रजेत माणूस कुठंबी बसू शकते."

"आणि हे काय चाललंय?"

वैष्णवी उठली. "सर, माझा पिंपळधऱ्याचा अहवाल मी मागं घेते आहे. पत्रात लिहिलंय. नमुना कोणी आणला मला माहीत नाही, लेबलवर सही नव्हती, आणि मी तशी नोंद केली नाही. ती माझी चूक. आवक शाखेत प्रत दिली आहे, शिक्का घेतला आहे. एक जिल्ह्याला पाठवली."

साहेब माझ्याकडे पाहू लागले. मग तिच्याकडे. पुन्हा माझ्याकडे. ती नजर मी ओळखतो. ते शोधत होते, आधी कोणापासून सुरुवात करावी.

"तुम्हाला याचा अर्थ कळतो का?" त्यांनी तिला विचारलं.

"कळतो सर."

"मलेबी कळते," मी म्हणालो. माझा आवाज मला वाटला होता त्यापेक्षा मोठा निघाला. पुढच्या खोलीतला कारकून उठून पाहू लागला.

गावंडे साहेब वळून केबिनमध्ये गेले.

लखननं ग्रामसभेत दोन्ही अहवाल वाचून दाखवले. चौथ्या दिवशी टँकर आला, नळाचं पाणी फक्त वापरायला राहिलं. आणि मग सुरू झाली चौकशी.

दोन सदस्यांची समिती आली. वैष्णवीला दीड तास बसवलं. मी बाहेरच्या बाकावर होतो, दार उघडं होतं, सगळं ऐकू येत होतं. "तुमची सदसद्विवेकबुद्धी कुठे गेली होती?" "तुम्हाला घरी संस्कार नाहीत का?" तिच्या आईचं, शकुबाईचं नावसुद्धा कशावरून तरी निघालं. दीड तासात त्यांनी एकदा विचारलं नाही की पडताळणीचा रकाना कोणी काढला. एकदा विचारलं नाही की ती बाटली कोणाच्या जीपमधून आली. मी आत जाऊन जुना फॉर्म आणि नवा फॉर्म टेबलावर ठेवला. एक सदस्य म्हणाले, "हा प्रशासकीय विषय आहे, चौकशीच्या कक्षेत येत नाही." मी दोन्ही कागद त्यांच्या फाइलला स्वतः टोचले. नंतर अहवाल आला त्यात ते नव्हते.

निष्कर्ष काय, तर कर्मचाऱ्यांमध्ये नैतिक मूल्यांचा अभाव. उपाय काय, तर एक दिवसाची कार्यशाळा.

मे महिन्यात यवतमाळला एका सभागृहात ती झाली. जिल्हाभरातल्या प्रयोगशाळांची माणसं बोलावली. मागं मोठा फलक, समोर कुंडीतली झाडं, जेवणात श्रीखंड. गावंडे साहेब पहिल्या रांगेत! त्यांना कोणी काही विचारलंच नव्हतं. नागपूरहून आलेले वक्ते छान बोलले. आम्हा सगळ्यांना उभं करून उजवा हात पुढे करायला लावला, आणि मी प्रामाणिकपणे काम करीन अशी शपथ दिली. अठ्ठावन्नाव्या वर्षी मी शाळेतल्या पोरासारखा हात पुढे करून उभा होतो, आणि मला इतका संताप आला की शपथेचे शब्द तोंडातून निघेनात.

मग वक्त्यांनी विचारलं, "खरं वागायला माणसाला काय लागतं? सांगा, कोणीही सांगा."

"हिंमत," कोणीतरी म्हणालं. "संस्कार," दुसरं कोणी. वक्ते फळ्यावर लिहीत गेले. शेवटच्या रांगेतून वैष्णवी उभी राहिली. सगळ्यांना ठाऊक होतं ती कोण ते. सभागृहात कुजबुज झाली.

"सर, खोटा अहवाल देणारी ती मीच," ती म्हणाली. "माझ्यात हिंमत त्या दिवशी कमी आणि त्याच्या आधी जास्त होती असं नाही. तीन वर्षं मी हीच होते. याच आईबापाची होते. तीन वर्षांत एक आकडा खोटा लिहिला नाही. मग त्या दिवशी काय कमी होतं ते मला कोणी विचारत नाही. माझ्या बाजूला माणूस नव्हता. फॉर्मवर त्याच्या सहीची जागा नव्हती. मला शंका आली तर ती ज्यांच्याकडे न्यायची, तेच मला सही करायला बसवून होते. माझी ऑर्डर त्यांच्याच टेबलावर होती. तुम्ही मला शपथ देता. खोटं लिहायची इच्छा मला शपथेच्या आधीही नव्हती, सर. मला तो रकाना परत द्या."

वक्ते म्हणाले, "तुमच्या भावना समजू शकतो..."

"भावना नाहीत," ती म्हणाली. "मागणी आहे."

मग कोपऱ्यातून एक बाई उभी राहिली, दुसऱ्या तालुक्याची. नाव निकिता, मला नंतर कळलं. "आमच्याकडंबी तो रकाना काढला. मी एकटीच हाये दोन वर्षांपासून." तिच्यामागे एक पोक्त माणूस उठला. मग आणखी दोघं. कोणी भाषण केलं नाही. आमच्याकडं एक माणूस, आमच्याकडंबी एकच, एवढंच म्हणत ते उठत गेले. गावंडे साहेब फोनवर बोलत बाहेर गेले. वक्त्यांनी फळ्यावर आणखी काही लिहिलं नाही. जेवणाची सुट्टी अर्धा तास आधीच झाली.

त्यानंतर जे झालं ते सांगतो, सगळं गोड नाही. गावंडे साहेबांची बदली झाली, दुसऱ्या जिल्ह्यात, त्याच पदावर. कंत्राटदाराचं नाव कुठल्याही कागदावर नाही. वैष्णवीला ताकीद मिळाली आणि ऑर्डर अकराऐवजी तीन महिन्यांची मिळू लागली. ती प्रत्येक वेळी ती घेते आणि काम करते. पिंपळधऱ्याला नाल्यापलीकडच्या विहिरीचा गाळ काढून तिचंच पाणी टाकीत चढवायचं ठरलं आहे, पाइप येऊन पडलेत. डोंगरसिंग नायक दर आठवड्याला तिला फोन करून विचारतात की खड्डे कधी खणणार. ते तिच्या हातात नाही. पण ती फोन उचलते.

नव्या बाई साहेब म्हणाल्या, दोन सह्यांचा नियम नाही, पण करायला मनाईही नाही. वैष्णवीनं जुना फॉर्म पुन्हा काढला. माझ्या जागी माणूस आलेला नाही, म्हणून बाटली घेऊन जो येईल त्यालाच ती स्टुलावर बसवते आणि यंत्रावरचा आकडा वाचायला लावते. परवा अंजू गेली होती. तांड्यातून आता तीच बाटल्या नेते. तिनं आकडा वाचून खाली सही केली आणि मग वैष्णवीला विचारलं, पातळ किती केलं होतं? वैष्णवीनं मला हे फोनवर सांगितलं, हसत होती.

मी घरी बसलो नाही. जिल्ह्यात किती प्रयोगशाळांत एकच माणूस आकडा मोजतो, लिहितो आणि सही करतो, एवढं मी माहितीच्या अधिकारात विचारलं होतं. दीड महिन्यानं उत्तर आलं, माहिती संकलित स्वरूपात उपलब्ध नाही. पहिलं अपील मी गुरुवारी टाकलं. पोच घेतली आहे.